इंग्रजी भाषाध्यापन व भाषाविज्ञान

इंग्रजी भाषाध्यापन व भाषाविज्ञान : इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा नाही अशांना ती कशी शिकवावी, या प्रश्नाचा भाषाविज्ञानाच्या आधारे विचार करणारी अभ्यासशाखा. भाषेतील कोणता भाग शिकवावयाचा, तो कोणत्या क्रमाने मांडावयाचा, विद्यार्थ्याची मातृभाषा या कामी साहाय्यक ठरते की अडसर, आणि शिकताना होणाऱ्या चुकांचा अर्थ काय, हे तिचे मुख्य प्रश्न होत. या शाखेची वाढ यूरोप-अमेरिकेतील विद्यापीठांत झाली असली, तरी तिचे काही मूलभूत सिद्धांत भारत व जपान येथील वर्गांत तयार झाले. विशेषतः भारतात हा प्रश्न केवळ अध्यापनतंत्राचा राहिला नाही. उच्च शिक्षण, न्यायालये आणि नोकऱ्या यांचे दरवाजे इंग्रजीशी जोडले गेल्यामुळे, कोणत्या मुलाला ती येईल व कोणाला येणार नाही, हा सामाजिक न्यायाचाही प्रश्न बनला.

पूर्वपीठिका : यूरोपातील शाळांतून लॅटिन व ग्रीक या भाषा ज्या रीतीने शिकवल्या जात, त्याच रीतीने आधुनिक भाषाही शिकवण्याची प्रथा अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत रूढ झाली. नियम पाठ करणे, शब्दांच्या याद्या घोकणे आणि सुटी वाक्ये एका भाषेतून दुसऱ्या भाषेत उतरवणे, असे या व्याकरण-भाषांतर पद्धतीचे स्वरूप होते. तिच्यात बोलण्याला स्थान नव्हते.

भारतात इंग्रजी शिक्षणाला राजाश्रय मिळाला तो मेकॉले याचे टिपण व त्यानंतरचा बेंटिंकचा ठराव (दोन्ही १८३५) यांमुळे. मुंबई इलाख्यात मात्र हा वाद दीर्घकाळ चालला. बोर्ड ऑफ एज्युकेशनचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांनी इंग्रजी माध्यमाचा पुरस्कार केला, तर कर्नल जॉर्ज जर्व्हिस यांनी देशी भाषांचा पक्ष घेतला. जगन्नाथ शंकरशेट प्रभृती एतद्देशीय सभासद जर्व्हिस यांच्या बाजूने होते. वुडच्या खलित्याने (१८५४) प्राथमिक शिक्षण देशी भाषांतून व वरचे शिक्षण इंग्रजीतून, अशी विभागणी मान्य केली. १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाल्यावर प्रवेशपरीक्षा इंग्रजीतून होऊ लागली व शाळांचे सारे लक्ष तिच्याकडे वळले. त्या काळातील इंग्रजीचे अध्यापन प्रायः भाषांतरावर उभे होते. महाराष्ट्रात तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेने कित्येक पिढ्यांना इंग्रजी वाक्यरचनेची ओळख करून दिली. या पद्धतीने वाचन व लेखन पक्के होई आणि नियमांची जाण येई, हा तिचा गुण मान्य करावा लागतो. तथापि तिचा लाभ मुख्यतः परीक्षेच्या अखेरच्या पायरीपर्यंत टिकून राहणाऱ्या विद्यार्थ्यांना होत असे.

सुधारणेची चळवळ : एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चरणात स्वनविज्ञानाचा विकास झाला व त्याबरोबर भाषाध्यापनाला प्रथमच शास्त्रीय अधिष्ठान लाभले. जर्मन अभ्यासक व्हिल्हेल्म फिएटोर याने १८८२ मध्ये टोपणनावाने एक पुस्तिका प्रसिद्ध करून भाषाशिक्षणाने आपली दिशा बदलावी, अशी मागणी केली. बोलभाषेला अग्रस्थान, सुट्या वाक्यांऐवजी सलग उताऱ्यांचा उपयोग आणि वर्गात मौखिक कामावर भर, ही या चळवळीची सूत्रे होती. फ्रेंच अध्यापक पॉल पासी याच्या पुढाकाराने १८८६ मध्ये स्वनविज्ञानाच्या शिक्षकांची संघटना पॅरिस येथे निघाली. तीच पुढे आंतरराष्ट्रीय स्वनविज्ञान परिषद म्हणून प्रसिद्धीस आली. तिची लिपी ही भाषाशिक्षकांच्या गरजेतून निर्माण झाली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. इंग्लंडमध्ये हेन्री स्वीट (१८४५–१९१२) याने १८९९ मध्ये भाषांच्या व्यावहारिक अभ्यासावर ग्रंथ लिहिला व त्यात ध्वनी, व्याकरण, शब्दसंग्रह आणि वाचन यांचा क्रमबद्ध विचार केला. डेन्मार्कमध्ये ऑटो येस्पर्सन (१८६०–१९४३) याने तशाच प्रकारचे कार्य केले. लंडन येथील युनिव्हर्सिटी कॉलेजात डॅन्यल जोन्स (१८८१–१९६७) याने स्वनविज्ञानाची परंपरा स्थिर केली. त्याचा इंग्रजी उच्चारकोश १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला.

पामर, वेस्ट व शब्दसंग्रहाचे नियंत्रण : जोन्सचा सहकारी हॅरल्ड पामर (१८७७–१९४९) याने १९१७ व १९२१ मध्ये लिहिलेल्या दोन ग्रंथांत भाषाध्यापन हे स्वतंत्र शास्त्र होऊ शकते, असे प्रतिपादन केले. १९२२ मध्ये तो जपानच्या शिक्षण खात्याचा भाषाविषयक सल्लागार म्हणून टोकिओस गेला. तेथे १९२३ मध्ये इंग्रजी अध्यापनाच्या संशोधनासाठी एक संस्था स्थापन झाली व १९३६ पर्यंत त्याने तिचे नेतृत्व केले. वाक्यांचे मूळ साचे निश्चित करणे, ते सवयीने मुरवणे आणि शब्दांची मर्यादित यादी तयार करणे, हे त्याचे कार्य होय. त्याचा सहकारी ए. एस. हॉर्नबी (१८९८–१९७८) याने दोघा सहकाऱ्यांसह तयार केलेला कोश १९४२ मध्ये जपानमध्ये छापला गेला. १९४८ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाने तो पुन्हा प्रसिद्ध केला. परभाषक विद्यार्थ्यांसाठी रचलेल्या व आज जगभर वापरल्या जाणाऱ्या कोशांचे हे आरंभीचे रूप होय.

याच सुमारास बंगालमध्ये मायकेल वेस्ट (१८८८–१९७३) याचे संशोधन चालू होते. १९१२ मध्ये भारतीय शिक्षण सेवेत दाखल झालेला वेस्ट पुढे ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचा प्राचार्य झाला. द्वैभाषिकतेवरील त्याचा अहवाल १९२६ मध्ये भारत सरकारच्या शिक्षण विभागाने प्रसिद्ध केला. या अहवालाचे महत्त्व त्यातील चाचण्यांइतकेच त्यात उपस्थित केलेल्या प्रश्नात आहे. शाळेत इंग्रजी सुरू करणारी बहुसंख्य मुले ती पुरी शिकण्यापूर्वीच शाळा सोडतात, हे वेस्टच्या ध्यानात आले. त्याने विमा व्यवसायातील समर्पणमूल्याची कल्पना येथे योजिली. विमापत्र मुदतीपूर्वी सोडून दिल्यास धारकाच्या हाती काही रक्कम पडते. त्याचप्रमाणे भाषेचा अभ्यास मध्येच सुटला, तर मुलाच्या हाती काय राहते, असा त्याचा प्रश्न होता. भाषांतर व व्याकरण यांवर दोनतीन वर्षे घालवलेल्या मुलाला ना बोलता येई, ना वाचता येई. त्याचे समर्पणमूल्य जवळजवळ शून्य होते.

यावर वेस्टने वाचनाचा उपाय सुचवला. बंगाली भाषा भावना व साहित्य यांच्या दृष्टीने समृद्ध आहे. उणीव आहे ती आधुनिक ज्ञानविषयक ग्रंथांची, आणि ती इंग्रजीच्या वाचनाने भरून निघू शकते, असा त्याचा युक्तिवाद होता. प्रचलित वाचनमालांत नवे शब्द फार दाटीने येतात व त्यांतील पुष्कळ शब्द दुर्मिळ व ग्रांथिक असतात, असे त्याला आढळले. म्हणून त्याने नेहमीच्या वापरातील शब्द निवडले, ते मजकुरात विरळ पेरले व प्रत्येक शब्द पुनःपुन्हा येईल अशी योजना केली. या तत्त्वावर त्याने नवी वाचनमाला तयार केली. जे. जी. एंडिकॉट यांच्यासह त्याने रचलेल्या शब्दकोशात (१९३५) सर्व अर्थ सुमारे दीड हजार शब्दांच्या मर्यादेत सांगितले होते.

शब्दसंग्रह मर्यादित करण्याचे प्रयत्न त्या काळी अन्यत्रही चालू होते. अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक याने शब्दांची वारंवारता मोजून १९२१ मध्ये १०,००० शब्दांची यादी प्रसिद्ध केली. इंग्लंडमध्ये सी. के. ऑग्डेन याने १९३० मध्ये ८५० शब्दांची ‘बेसिक इंग्लिश’ ही योजना मांडली. कार्नेगी निधीच्या साहाय्याने १९३४ मध्ये न्यूयॉर्क येथे व १९३५ मध्ये लंडन येथे परिषदा भरल्या. त्यांत पामर, वेस्ट व थॉर्नडाइक एकत्र आले. त्यांचा अंतरिम अहवाल १९३६ मध्ये निघाला व त्याचा विस्तार करून वेस्टने १९५३ मध्ये सुमारे दोन हजार शब्दांची सर्वोपयोगी यादी प्रसिद्ध केली. एखाद्या शब्दाचा कोणता अर्थ किती वेळा येतो, हेही तीत नमूद केलेले होते. अनेक देशांतील पाठ्यपुस्तके पुढे कित्येक वर्षे या यादीवर आधारलेली होती.

संरचनावादाचा कालखंड : अमेरिकन भाषावैज्ञानिक लेनर्ड ब्लूमफील्ड (१८८७–१९४९) याच्या १९३३ मधील ग्रंथाने वर्णनात्मक भाषाविज्ञानाचा पाया घातला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना परभाषा थोड्या अवधीत शिकवण्याची गरज निर्माण झाली, तेव्हा या भाषाविज्ञानाचा प्रत्यक्ष उपयोग करण्यात आला. मिशिगन विद्यापीठात चार्ल्स फ्रीझ (१८८७–१९६७) याने १९४१ मध्ये इंग्रजी भाषासंस्था सुरू केली. इंग्रजीच्या वाक्यरचनेवरील त्याचा १९५२ मधील ग्रंथ प्रत्यक्ष दूरध्वनी-संभाषणांच्या ध्वनिमुद्रणावर आधारलेला आहे. भाषा ही सवयींची व्यवस्था आहे व सवय सरावाने लागते, ही या संप्रदायाची मानसशास्त्रीय धारणा होती.

फ्रीझचा सहकारी रॉबर्ट लाडो याने १९५७ मध्ये व्यतिरेकी विश्लेषणाची पद्धती मांडली. विद्यार्थ्याची मातृभाषा आणि शिकावयाची भाषा यांची तुलना केल्यास अडचणीची स्थळे आधीच सांगता येतात, असे या पद्धतीचे गृहीतक होते. मराठी भाषकाच्या उदाहरणावरून ते स्पष्ट होईल. इंग्रजीत ओठ व दात यांच्या साहाय्याने होणारा आणि दोन्ही ओठ गोल करून होणारा, असे दोन वेगळे ध्वनी आहेत. मराठी भाषक दोहोंच्या जागी प्रायः एकच ‘व’ उच्चारतो. इंग्रजी दंतमूलीय ध्वनींच्या जागी तो ‘ट’ व ‘ड’ हे मूर्धन्य योजतो. मराठीत उपपद नसल्यामुळे इंग्रजी नामापूर्वी ते कोठे यावे व कोठे येऊ नये, याचा त्याला अंदाज येत नाही. ‘मला भूक लागली’ या वाक्यात अनुभव घेणारी व्यक्ती कर्ता नाही. इंग्रजीत तीच कर्त्याच्या जागी येते. मराठी भाषकांच्या इंग्रजी उच्चारणाचे वर्णन करणारा अशोक केळकर (१९२९–२०१४) यांचा लेखही १९५७ सालीच अमेरिकेतील वर्ड  या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. परभाषेतील उच्चारांवर मातृभाषेचा ठसा कसा उमटतो, याचे ते एक आरंभीचे व काटेकोर विवेचन आहे.

भाषाविज्ञान भारतात रुजण्याला पुण्याचे डेक्कन कॉलेज मोठ्या प्रमाणावर कारण झाले. सु. मं. कत्रे यांच्या नेतृत्वाखाली व रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने १९५४ पासून तेथे भाषाविज्ञानाचे वर्ग भरवण्यात आले. त्यांत अमेरिकन व भारतीय भाषावैज्ञानिकांनी एकत्र अध्यापन केले व त्यातून देशभरच्या विद्यापीठांना भाषाविज्ञानाचे अध्यापक मिळाले. ब्रिटिश परंपरेचाही भारताशी जुना संबंध होता. ग्रेट ब्रिटनमध्ये सामान्य भाषाविज्ञानाचे पहिले प्राध्यापकपद १९४४ मध्ये ज्याला मिळाले, तो जे. आर. फर्थ (१८९०–१९६०) त्यापूर्वी लाहोर येथे पंजाब विद्यापीठात इंग्रजीचा प्राध्यापक होता. उक्तीचा अर्थ तिच्या प्रसंगसंदर्भात शोधावा, हा त्याचा आग्रह पुढे एम. ए. के. हॅलिडे प्रभृतींनी भाषाध्यापनापर्यंत नेला (→ भाषाविज्ञान).

स्वातंत्र्योत्तर भारतातील संस्था व धोरणे : स्वातंत्र्यानंतर शालेय शिक्षणातील इंग्रजीचा काळ अनेक राज्यांत कमी करण्यात आला. मुंबई राज्यात बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात पाचवी ते सातवी या इयत्तांतून इंग्रजी काढून ती आठवीपासून ठेवण्यात आली. इंग्रजी माध्यमाच्या शाळांतील प्रवेशावर मर्यादा घालणारा त्या राज्याचा आदेश १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला. या दोन घटनांचा एकत्रित परिणाम महत्त्वाचा ठरला. ज्यांना इंग्रजी माध्यमाची शाळा परवडत होती, त्यांना ती भाषा लहानपणापासून मिळत राहिली. बहुसंख्य मराठी व गुजराती शाळांतील मुलांना तीच भाषा तीनचार वर्षांत आत्मसात करून तिच्यातूनच पुढे महाविद्यालयीन शिक्षण घ्यावे लागले. थोड्या काळात अधिक इंग्रजी कशी शिकवावी, हा प्रश्न त्यामुळे निकडीचा बनला.

या गरजेतून १९५६ मध्ये अलाहाबाद येथे इंग्रजी भाषाध्यापन संस्था व १९५८ मध्ये हैदराबाद येथे मध्यवर्ती इंग्रजी संस्था स्थापन झाली. हैदराबादच्या संस्थेला ब्रिटिश कौन्सिल व फोर्ड प्रतिष्ठान यांचे साहाय्य लाभले. कन्नड साहित्यिक विनायक कृष्ण गोकाक यांनी तिचे संचालकपद भूषवले. १९७२ मध्ये परकीय भाषांचा समावेश होऊन तिचे नाव बदलले व २००७ मध्ये तिला केंद्रीय विद्यापीठाचा दर्जा मिळाला. पामर व हॉर्नबी यांच्या कार्यातून निघालेली संरचनात्मक पद्धती या संस्थांच्या द्वारा राज्यांत पसरली. वाक्यसाच्यांची सोप्याकडून अवघडाकडे केलेली मांडणी, नव्या साच्याची प्रसंगातून ओळख आणि त्याचा मौखिक सराव, अशी तिची रीत होती. मद्रास राज्यात प्रशिक्षित शिक्षकांनी इतर शिक्षकांना शिकवावे, अशा साखळी पद्धतीने मोठी मोहीम राबवण्यात आली.

संरचनात्मक पद्धतीने पाठ्यपुस्तकांना शिस्त आणली; परंतु वर्गातील फलित अपेक्षेइतके नव्हते. साठसत्तर मुलांच्या वर्गात मौखिक सराव म्हणजे समूहघोष ठरू लागला. साचे पाठ असलेल्या विद्यार्थ्यालाही प्रत्यक्ष प्रसंगी बोलता येत नसे. ज्या शिक्षकांना स्वतःला इंग्रजी बोलण्याचा सराव नव्हता, त्यांच्याकडून बोलभाषेवर आधारलेली पद्धती राबवली जाणे कठीण होते.

हैदराबादच्या संस्थेतील संशोधनात आर. के. बन्सल यांचा भारतीय इंग्रजीच्या सुबोधतेवरील अभ्यास (१९६९) उल्लेखनीय आहे. भारतीय वक्त्यांचे बोलणे ब्रिटिश श्रोत्यांना कितपत समजते, हे त्यांनी चाचण्यांनी मोजले व ते प्रमाण सरासरीने सुमारे ७० टक्के असल्याचे दाखवले. आकलनात येणाऱ्या अडथळ्यांत शब्दातील आघाताच्या स्थानाचा वाटा मोठा आहे, असे त्यांना आढळून आले. प्रत्येक ध्वनी ब्रिटिश वळणाचा करण्याची आवश्यकता नसून सुबोधतेला बाधक ठरणाऱ्या गोष्टींवर भर द्यावा, असा विचार यातून पुढे आला.

चुकांविषयीची नवी दृष्टी : अमेरिकन भाषावैज्ञानिक नोम चॉम्स्की याने १९५७ मधील आपल्या ग्रंथाने व १९५९ मध्ये केलेल्या स्किनरच्या पुस्तकाच्या परीक्षणाने, भाषा म्हणजे सवय ही कल्पना मुळापासून हादरवली. मूल पूर्वी कधीही न ऐकलेली वाक्ये बोलते, म्हणजेच ते नियम आत्मसात करते, असे त्याचे म्हणणे होते. १९६६ मध्ये अमेरिकेतील भाषाशिक्षकांसमोर बोलताना मात्र त्याने, भाषाविज्ञानातून अध्यापनतंत्र थेट काढता येईल याविषयी साशंकता व्यक्त केली.

एडिंबरो विद्यापीठातील एस. पिट कॉर्डर याने १९६७ मध्ये विद्यार्थ्यांच्या चुकांच्या महत्त्वावर एक निबंध लिहिला. चूक हा अध्यापनाचा दोष अथवा विद्यार्थ्याचा आळस नसून, तो भाषेविषयी बांधत असलेल्या नियमांचा ती पुरावा आहे, असे त्याने दाखवले. लॅरी सेलिंकर याने १९७२ मध्ये या अवस्थेला ‘आंतरभाषा’ ही संज्ञा दिली. मराठी विद्यार्थी ‘डिस्कस’ या क्रियापदापुढे ‘अबाउट’ जोडतो, तेव्हा ‘याविषयी चर्चा’ या मराठी रचनेचा तो प्रभाव असू शकतो. परंतु ‘टॉक अबाउट’ या इंग्रजी रचनेवरून त्याने केलेले ते अनुमानही असू शकते. ‘कम’ या क्रियापदाचे भूतकाळी रूप ‘कम्ड’ असे करणारा विद्यार्थी तर मातृभाषेचे नव्हे, इंग्रजीच्याच नियमाचे अनुसरण करीत असतो. इंग्रज मुलेही शैशवात अशीच रूपे वापरतात. व्यतिरेकी विश्लेषणाला सर्व चुकांचे भाकीत करता येत नाही, हे यावरून स्पष्ट झाले. अध्यापनाच्या दृष्टीने याचा परिणाम असा, की चुकीबद्दल शिक्षा करण्याऐवजी तिचे वाचन करण्याची सवय शिक्षकाला लागावी, ही अपेक्षा निर्माण झाली.

संज्ञापनात्मक पद्धती व बंगलोर प्रकल्प : व्याकरणशुद्ध वाक्ये रचता येणे आणि कोणाशी, केव्हा व कसे बोलावे हे कळणे, या दोन भिन्न क्षमता आहेत, असे अमेरिकन भाषावैज्ञानिक-मानवशास्त्रज्ञ डेल हाइम्स याने प्रतिपादन केले. त्याच्या ‘संज्ञापनक्षमता’ या संकल्पनेतून १९७० नंतर यूरोपात नवे अभ्यासक्रम निर्माण झाले. डी. ए. विल्किन्स याने वाक्यसाच्यांऐवजी आशय व भाषिक कार्ये यांवर आधारलेल्या अभ्यासक्रमाची कल्पना मांडली (१९७६).

भारतात हाच प्रश्न एन. एस. प्रभू यांनी वेगळ्या रीतीने हाताळला. १९७९ ते १९८४ या काळात बंगलोरची प्रादेशिक इंग्रजी संस्था व ब्रिटिश कौन्सिल यांच्या साहाय्याने त्यांनी दक्षिण भारतातील काही सामान्य शाळांत एक प्रयोग केला. मुलांचे लक्ष भाषेच्या रूपाकडे नसून अर्थाकडे असते, तेव्हाच व्याकरण उत्तम रीतीने अंगी मुरते, हे त्यांचे गृहीतक होते. त्यामुळे त्यांनी व्याकरणाचे पाठ व साच्यांचा सराव वगळून रोज मुलांसमोर एक कृती ठेवली. रेल्वेच्या वेळापत्रकावरून सोयीची गाडी शोधणे, नकाशावरून मार्ग ठरवणे, हिशेब सोडवणे अशा कृतींचा तीत समावेश होता. प्रथम शिक्षक वर्गाबरोबर तशीच एक कृती सोडवीत असे व नंतर मुले दुसरी स्वतंत्रपणे सोडवीत. मुलांनी आपसांत संभाषण केलेच पाहिजे, असा आग्रह प्रभूंनी धरला नाही. समभाषक मुले आपसांत मातृभाषाच बोलतील, हे त्यांनी गृहीत धरले व तर्क करण्यास लावणाऱ्या कृतींना प्राधान्य दिले.

ॲलन बेरेट्टा व ॲलन डेव्हिस यांनी १९८५ मध्ये या प्रयोगाचे मूल्यमापन प्रसिद्ध केले. प्रयोगातील मुले कृतींवर आधारित चाचण्यांत व नेहमीच्या पद्धतीने शिकलेली मुले साच्यांवरील चाचण्यांत सरस ठरली. एकंदरीत निष्कर्ष प्रयोगाला अनुकूल, परंतु मर्यादित होता. निवडक शिक्षकांच्या उत्साहाने झालेले काम सर्वसाधारण शिक्षकाकडून होईल काय, ही शंका राहिली. प्रभू यांचा या प्रयोगावरील ग्रंथ १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. कृतिकेंद्री भाषाध्यापन या नावाने पुढे जगभर पसरलेल्या पद्धतीचा तो एक मूलस्रोत समजला जातो. १९९० मधील एका निबंधात त्यांनी, सर्वांत चांगली अशी कोणतीही पद्धती नसते, हे प्रतिपादन केले. शिक्षकाला आपल्या कामामागील तर्क किती जिवंतपणे जाणवतो, यावर अध्यापनाचे यश अवलंबून असते, असे त्यांचे मत होते.

भारतीय इंग्रजीचा अभ्यास : कोणती इंग्रजी शिकवावी, या प्रश्नालाही संशोधनाने नवे वळण मिळाले. ब्रज काचरू (१९३२–२०१६) यांनी भारतीय इंग्रजी ही चुकांची गोळाबेरीज नसून स्वतःची व्यवस्था असलेले रूप आहे, असे दाखवले. त्यांचा या विषयावरील महत्त्वाचा ग्रंथ १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. इंग्रज व्याकरणकार रँडॉल्फ क्वर्क यांनी १९९० च्या सुमारास याला हरकत घेतली. प्रमाण इंग्रजीपासून विद्यार्थ्याला वंचित ठेवणे हे त्याच्या हिताचे नाही, असे त्यांचे म्हणणे होते. काचरूंनी त्याला दिलेले उत्तर व त्यावर झालेली चर्चा या शाखेतील महत्त्वाच्या वादांपैकी एक मानली जाते.

भारतीय इंग्रजीच्या वर्णनाला ठोस सामग्री पुरवण्याचे काम महाराष्ट्रात झाले. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात एस. व्ही. शास्त्री यांच्या मार्गदर्शनाखाली भारतीय इंग्रजीचा संगणकीय भाषासंग्रह तयार करण्यात आला व १९८६ मध्ये तो अभ्यासकांना उपलब्ध झाला. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या संग्रहाच्या धर्तीवर त्यात प्रत्येकी सुमारे २,००० शब्दांचे ५०० उतारे, म्हणजे एकूण सुमारे दहा लाख शब्द आहेत. ब्राउन संग्रहातील मजकूर १९६१ सालचा, तर कोल्हापूर संग्रहातील १९७८ सालचा आहे. स्वातंत्र्यानंतर भारतीय इंग्रजीला स्थिर रूप येण्यास काही काळ जावा लागला, हे लक्षात घेऊन हे नंतरचे वर्ष निवडण्यात आले. ब्रिटिश, अमेरिकन व भारतीय इंग्रजी यांची तुलना करण्यासाठी जगभरच्या अभ्यासकांनी या संग्रहाचा उपयोग केला आहे.

टीका व मूल्यमापन : १९८० नंतर या शाखेच्या इतिहासाकडेच चिकित्सक दृष्टीने पाहिले जाऊ लागले. गौरी विश्वनाथन यांनी १९८९ मध्ये भारतातील इंग्रजी साहित्याच्या अध्यापनाचा वसाहतवादी सत्तेशी असलेला संबंध उलगडला. रॉबर्ट फिलिप्सन याने १९९२ मध्ये भाषिक साम्राज्यवादाची संकल्पना मांडली. इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावी, ती शक्य तितक्या लवकर सुरू करावी, मातृभाषक शिक्षक हाच आदर्श, ही तत्त्वे शास्त्रसिद्ध नसून हितसंबंधांतून रूढ झाली, असे त्याचे प्रतिपादन आहे. या टीकेत काही ठिकाणी अतिव्याप्ती आढळते; कारण इंग्रजीची मागणी दुर्बल वर्गांतूनही मोठ्या प्रमाणावर होत आली आहे. तथापि मातृभाषेला वर्गाबाहेर ठेवण्याला भक्कम आधार नाही, हे तिच्यामुळे पुन्हा तपासले गेले. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात मुलांची बहुभाषिकता ही अडचण नसून साधन आहे, अशी भूमिका घेण्यात आली.

महाराष्ट्रात जून २००० पासून मराठी शाळांतही पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी सुरू झाली. पुढे गणित व विज्ञान इंग्रजीतून शिकवणारे ‘सेमी-इंग्रजी’ वर्गही मोठ्या प्रमाणावर निघाले. आरंभ लवकर केला म्हणजे भाषा येते, ही समजूत मात्र फलिताने सिद्ध झालेली नाही. ‘असर’ या ग्रामीण भारतातील पाहणीनुसार, इंग्रजीतील सोपी वाक्ये वाचू शकणाऱ्या आठवीतील मुलांचे प्रमाण २००९ मध्ये सुमारे ६० टक्के होते. २०१६ मध्ये ते सुमारे ४५ टक्क्यांवर आले. आठ वर्षे शाळेत काढलेल्या निम्म्याहून अधिक मुलांच्या हाती सोपे वाक्य वाचण्याइतकीही इंग्रजी येत नव्हती, असा याचा अर्थ होतो.

एका शतकाच्या संशोधनाने भाषा कशी शिकली जाते, याविषयीचे ज्ञान निःसंशय वाढले. शब्दांची निवड, चुकांचा अर्थ, अर्थपूर्ण कृतीचे महत्त्व आणि मातृभाषेचे साहाय्य या बाबतींत ढोबळ अनुभवाची जागा परीक्षित निष्कर्षांनी घेतली. परंतु या निष्कर्षांचा लाभ ज्या शाळांत शिक्षक, पुस्तके व वेळ पुरेसा आहे, त्यांनाच प्रामुख्याने झाला. मध्येच शाळा सोडणाऱ्या मुलाच्या हाती काय उरते, हा वेस्टने १९२६ मध्ये बंगालच्या संदर्भात विचारलेला प्रश्न म्हणूनच प्रत्येक नव्या पद्धतीची कसोटी ठरतो.